लाइट गेल्यावर काय?

परवा रात्री साडेअकरा वाजता भाच्याचा फोन आला. त्या वेळेला नातेवाइकाचा फोन म्हटलं की आमच्या पिढीच्या पोटात आधी गोळाच येतो. कोण गेलं, कुणाला ऍडमिट केलं, हेच पहिल्यांदा मनात. तर हा पठ्ठ्या विचारतोय, "मामा, वेव्हमेकर किती लिटरचा घेऊ? आठ हजारचा की बारा हजारचा? रात्री बारापर्यंत सेल आहे."

म्हटलं, झोप. सकाळी बोलू.

सकाळी तो त्याच्या ऑफिसला गेला, मी माझ्या, आणि बोलणं राहिलं ते राहिलंच. म्हणून इथे लिहितोय. त्याची आई, म्हणजे आमची ताई, हे पान नेमाने वाचते, ती त्याला वाचायला लावेल. ज्यांना माशांत काडीचाही रस नाही त्यांनी आजचा दिवस मला माफ करा. किंवा वाचा, कारण यात बाबाही आहेत.

तर भाच्याने चार फुटी टाकी घेतली आहे आणि तिच्यात आफ्रिकेतले सिक्लिड मासे ठेवायचे म्हणतोय. मलावी सरोवरातले. हे खूळ त्याला कुठून लागलं हे सांगायची गरज नाही. लहानपणी दर मे महिन्यात तो आमच्याकडे यायचा आणि अर्धा दिवस माझ्या टाकीला नाक लावून बसायचा. काचेवरचे त्याच्या नाकाचे ठसे पुसता पुसता बायको वैतागायची.

सिक्लिड हा शब्द ऐकून बिचकू नका. आमची भिगवणची मावशी पहिल्यांदा टाकी बघायला आली तेव्हा दोन मिनिटं निरखून म्हणाली, "अरे, ही तर चिलापीच की रंगवलेली! खायची नाही तर ठेवलीस कशाला?" सगळे हसले. पण मावशी शंभर टक्के बरोबर होती. उजनीच्या पाण्यात मिळणारी चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तिलापिया हा सिक्लिडांच्याच घराण्यातला. गोव्यातलं कालुंदर तेही याच भावकीतलं. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सिक्लिड टाकीत बघायच्या आधी ताटात बघितलेला असतो.

माझ्याकडचे मासे मात्र मलावीच्या खडकाळ किनाऱ्याचे. त्यांना तिकडे 'म्बुना' म्हणतात, खडकातला मासा अशा अर्थाने. पिवळेधमक, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे. दिसायला मोरपिसासारखे आणि स्वभावाने चाळीतल्या नळावरच्या भांडणासारखे. एकाला एक कोपरा मिळाला की तो कोपरा त्याच्या बापाचा. त्यामुळे जाणकार सांगतात की ते थोडे दाटीवाटीनेच ठेवा, म्हणजे एकाच गरिबावर सगळा राग निघत नाही. दाटी केली की घाण वाढते, घाण वाढली की गाळण वाढवावी लागते, पाणी जास्त फिरवावं लागतं. आणि इथून पंपांचा बाजार सुरू होतो.

या बाजारात एक आकडा देवासारखा पुजला जातो: तासाला दहा पट. म्हणजे टाकीत दोनशे लिटर पाणी असेल तर तासाला दोन हजार लिटर फिरलं पाहिजे. साध्या, शांत माशांच्या टाकीला चार ते सहा पट चालतं, म्बुनांना आठ ते दहा पट हवं, असा सर्वसाधारण सल्ला असतो. सल्ला चुकीचा नाही. पण लोक तो आकडा घेऊन दुकानात जातात आणि खोक्यावरचा आकडा बघून पंप घेतात. मीही तेच केलं होतं.

२००७ साली टाकी घेतली ती चार बाय दीड बाय दीड. नऊ घनफूट, म्हणजे कागदावर अडीचशे लिटर. दगड, वाळू, वर सोडलेली जागा वजा केली की खरं पाणी दोनशेच्या आसपास. सुरुवातीला टाकीवर बसणारा टॉप फिल्टर होता आणि एक एअर पंप, ज्याला स्पंज फिल्टर जोडलेला. दोघे मिळून इतका आवाज करायचे की बायकोने त्यांना 'गिरणी' हे नाव दिलं होतं. दोन वर्षं गिरणी ऐकली आणि २००९ मध्ये पैसे साठवून कॅनिस्टर फिल्टर आणला. टाकीखालच्या कपाटात बसणारा बंद डबा, एका नळीने पाणी आत, दुसरीने बाहेर. खोक्यावर लिहिलेलं, ताशी १४०० लिटर. मी टॉप फिल्टर भंगारात दिला, एअर पंप माळ्यावर टाकला, आणि पाणी परत येण्याची नळी मुद्दाम पाण्याच्या पातळीखाली बुडवली. सगळं शांत. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, अरे, आवाजच येत नाही! मला कोण अभिमान.

आता बाबांकडे येतो.

बाबांची सगळी नोकरी उपसा सिंचनाच्या पंपांवर गेली. नदीतलं पाणी वर शेतात चढवायचं, हेच आयुष्यभर. पंप म्हटला की त्यांचा पहिला प्रश्न, "हेड किती?" निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि माझ्या टाकीसमोरची वेताची खुर्ची त्यांची झाली. कॅनिस्टर आणला त्या दिवशी मी त्यांच्यापुढे ज्ञान पाजळायला गेलो. म्हटलं, बाबा, हा पंप पाणी खालून चार फूट वर चढवतो, त्यामुळे खोक्यावर १४०० लिहिलं असलं तरी थोडं कमीच मिळणार.

बाबा म्हणाले, "चार फूट कुठे चढवतोय? दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या आहेत ना? जेवढं वर जातं तेवढंच दुसऱ्या नळीतून खाली येतं. एकाचं वजन दुसऱ्याने तोललं. तो फक्त घर्षणाशी झगडतोय. तुझा स्पंज, तुझी वाकवलेली नळी, आत साठलेला गाळ. तुझा आधीचा, डोक्यावर बसणारा, तो खरा चढवत होता."

मग म्हणाले, मोजून बघू. आणि मोजलं. हा प्रयोग मी आजपर्यंत कुणाच्याही लेखात वाचलेला नाही, म्हणून सविस्तर सांगतो. दहा लिटरची बादली घेतली. बाबांनी ती जमिनीवर ठेवू दिली नाही, कारण नळीचं तोंड खाली सोडलं की सायफनची ओढ मिळते आणि आकडा फुगतो. टेबल, टेबलावर त्यांचं लाकडी स्टूल, त्यावर बादली, अशी उतरंड रचून नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीला आणलं. मग बाबा घड्याळ घेऊन उभे, मी नळी धरून, आणि हा भाचा (तेव्हा तिसरीत) 'भरली!' ओरडायच्या ड्यूटीवर. बादली भरायला ३६ सेकंद लागले. म्हणजे ताशी हजार लिटर. नवाकोरा फिल्टर, खोक्यावर १४००, हातात १०००. दोन महिन्यांनी, मधे स्पंज न धुता, पुन्हा मोजलं. ५२ सेकंद. म्हणजे ताशी सातशेच्याही आत.

कंपनी खोटं बोलते असं नाही. खोक्यावरचा आकडा मोकळ्या पंपाचा असतो, आत काही न भरता. आपण आत स्पंज, खडे, सिरॅमिकच्या नळ्या भरतो, त्यात महिनाभराची घाण भरते. तेव्हा भाच्या, पहिली गोष्ट ही. कुठलाही पंप घे, पण घरी आणल्यावर बादली लाव. आणि तुझे 'दहा पट' बादलीवरून मोज, खोक्यावरून नाही. नियमित धुतलेला छोटा फिल्टर न धुतलेल्या मोठ्याला सहज मागे टाकतो. (धुताना नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात. हे तुला माहीत आहे, पण तरी.)

मोजमाप झाल्यावर बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. पण लाइट गेल्यावर काय?"

ते लोडशेडिंगचे दिवस होते, त्यामुळे प्रश्न अगदीच पुस्तकी नव्हता. पण शहरात आमच्याकडे दोन-तीन तासांच्या वर लाइट जात नसे. मी म्हटलं, काही नाही हो, मासे थोडा वेळ कळ काढतात. बाबा काही बोलले नाहीत. नंतर अधूनमधून, कधी जेवताना, कधी पेपर वाचताना, ते तोच प्रश्न विचारत. घरात तो विनोदच झाला होता. मी इनव्हर्टर घेतला तेव्हा त्यांनी विचारलं, टाकीचा प्लग त्याच्यावर घेतलास का? मी म्हटलं, घेतो. इलेक्ट्रिशियनला पुन्हा बोलवायचं होतं, ते राहून गेलं.

बाबा २०१३ च्या डिसेंबरात गेले.

२०१४ च्या मे महिन्यात कराडला एक लग्न होतं. सगळे दोन दिवस जाणार. निघताना मी माशांना भरपूर खायला घातलं. दोन दिवस उपाशी राहतील बिचारे, म्हणून नेहमीच्या तिप्पट. त्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला वळवाचा पाऊस आला, वाऱ्याने झाड तारांवर पडलं आणि आमच्या गल्लीची वीज गेली. ती आली पहाटे तीनला. हे सगळं मला वॉचमनने नंतर सांगितलं. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. दार उघडलं तर वास. पाणी ताकासारखं पांढुरकं, आणि तेवीस माशांपैकी एकोणीस मेलेले. तोंडं उघडी. फिल्टर आपला शांतपणे चालू, नेहमीसारखा, काही आवाज नाही.

वाचले ते चार, सगळ्यात लहान, दोन-दोन इंचांचे. हे असंच होतं असं नंतर वाचून कळलं. ऑक्सिजन कमी पडला की साधारणपणे मोठे मासे आधी जातात. मेलेल्यांत एक निळा नर होता, वीतभर नसला तरी त्याच्या आसपासचा. बाबा खुर्चीत बसले की तो काचेपाशी यायचा. बाबा त्याला 'ओव्हरसियर' म्हणायचे, कारण तो स्वतः काही करत नाही आणि सगळ्यांवर ओरडत फिरतो. मी त्या दिवशी एकोणीस मासे बागेत पुरले आणि रात्री जेवलो नाही. बायको म्हणाली, बाबा गेले तेव्हाही तू इतका गप्प नव्हतास. मला उत्तर देता आलं नाही.

नंतर शांत डोक्याने हिशेब मांडला. दहा तास वीज नव्हती. मे महिना, बंद घर, पाणी ३० अंशांच्या वर. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. २५ अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात. उलट गरम पाण्यात माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. त्यात मी पोटं भरून ठेवलेली, आणि उरलेलं खाणं तळाशी कुजत होतं. दाटी होतीच.

आणि तो डबा. फिल्टरमध्ये जे जिवाणू माशांची घाण पचवतात, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, त्यांना स्वतःला ऑक्सिजन लागतो. पाणी वाहतं तोवर तो मिळतो. बंद डब्यात पाणी थांबलं की काही तासांत ते आतला ऑक्सिजन संपवतात, मग मरायला लागतात, आणि डब्याचं गटार होतं. पहाटे तीनला वीज आली तेव्हा माझ्या ताशी हजार लिटरच्या फिल्टरने पहिलं काम कोणतं केलं असेल, तर ते गटार टाकीत ओतलं. मलावीच्या माशांना अल्कधर्मी पाणी लागतं म्हणून मी पीएच साडेआठच्या घरात ठेवला होता. आणि अमोनियाचं विष पीएचबरोबर चढतं. २५ अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो, ८.५ असेल तर पंधरा टक्क्यांच्या आसपास. तेवढाच अमोनिया, पण पंचवीसपट विष. मासे आधी गुदमरले की आधी विष चढलं, हे मला कधीच कळणार नाही.

म्हणून मला आता 'किती लिटरचा' या प्रश्नाचा राग येतो. भाच्यावर नाही, प्रश्नावर. पाणी फिरवायचं कशासाठी, तर दोनच कामांसाठी. एक म्हणजे वरचा पृष्ठभाग मोडला पाहिजे, कारण ऑक्सिजन मुख्यतः तिथून आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड तिथून बाहेर जातो. लोकांना वाटतं बुडबुड्यांतली हवा पाण्यात विरघळते. थोडी विरघळतेही, पण बुडबुड्यांचं खरं काम वर जाऊन पृष्ठभाग ढवळणं आणि तळचं पाणी वर आणणं. दुसरं काम म्हणजे कोपऱ्यात, दगडांमागे घाण साचू न देता ती फिल्टरच्या तोंडापर्यंत पोचवणं. या दोन कामांना जितका पंप लागेल तितका. त्याच्या वरचे सगळे लिटर शोभेचे.

खुद्द मलावी सरोवर घ्या. पसरलंय साडेएकोणतीस हजार चौरस किलोमीटरवर, म्हणजे आपला पुणे जिल्हा जवळजवळ दोनदा मावेल. खोली सातशे मीटरपर्यंत. पण ऑक्सिजन आहे तो वरच्या दोनशे-अडीचशे मीटरमध्येच. खालचं पाणी वर येत नाही, वरचं खाली जात नाही, आणि त्या खालच्या अंधाऱ्या पाण्यात एक मासा नाही. लिव्हिंग्स्टन १८५९ मध्ये तिथे पोचला, तेव्हापासून लोक त्या सरोवराचं सौंदर्य वाखाणताहेत. १९८४ पासून त्याचा दक्षिणेकडचा एक भाग जागतिक वारसा आहे, शेकडो जातींचे सिक्लिड तिथे आहेत, पण सगळे वरच्या, हलत्या पाण्यात. पाणी किती आहे याने काही ठरत नाही.

आता वेव्हमेकर. माझा एक मित्र, टाकीच्या बाबतीत माझ्यापेक्षा जुना, नेहमी वाद घालतो की म्बुना हे लाटांतले मासे आहेत, किनाऱ्यावरच्या खडकांत लाटा आपटतात तिथे राहतात, मग त्यांना प्रवाह नको का? मुद्दा चांगला आहे. मलावीवर मे ते ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो, म्वेरा म्हणतात त्याला, आणि मोठ्या लाटा उठतात. पण लाट येते आणि जाते. मासा खडकाच्या फटीत शिरतो, लाट ओसरली की बाहेर येतो, दगडावरचं शेवाळ खरवडतो. आपला साधा पंखेवाला पंप चोवीस तास एकाच दिशेला ढकलत राहतो. मी मित्राचाच आठ हजारचा वेव्हमेकर पंधरा दिवस लावून बघितला आहे. दोनशे लिटरमध्ये आठ हजार म्हणजे चाळीस पट. दोन दिवसांत सगळी वाळू एका बाजूला ढीग होऊन बसली आणि दुसऱ्या बाजूला तळाची काच उघडी पडली. मासे पोहत होते, आजारी वगैरे पडले नाहीत, पण सगळे दगडांच्या एकाच बाजूला, आणि तिथे जागेवरून रोजची मारामारी. त्यांच्या अंगातली भांडखोरी काढायला प्रवाह उपयोगी पडतो म्हणतात. माझ्याकडे तर भांडणाला नवीन कारण मिळालं.

वेव्हमेकर वाईट नाही. सहा फुटी टाकी असेल, दगडांची भिंत रचली असेल, तर फिल्टर एका टोकाला आणि त्याचा हात दुसऱ्या टोकाला पोचत नाही. तिथे एक छोटा वेव्हमेकर खाली, दगडांमागे, घाण फिल्टरच्या तोंडाकडे ढकलेल असा लावावा. त्याचा झोत पसरट असतो, जुन्या पॉवरहेडसारखी पिचकारी नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. पण चार फुटी टाकीत तो पहिली खरेदी नव्हे. तिसरी असेल. आणि घेण्याआधी बघायचं: खाण्याचे दोन-चार दाणे दगडांमागे सोड आणि ते कुठे जाऊन बसतात ते बघ. किंवा सकाळी टॉर्च मारून विष्ठा कुठे साचलीय ते बघ. बहुतेक वेळा एखादा दगड दोन इंच पुढे घेतला, किंवा फिल्टरच्या नळीचं तोंड जरा तिरकं केलं, की काम होतं. त्याला पैसे पडत नाहीत.

मग घ्यायचं काय? मी आज असं करतो. एका मोठ्या फिल्टरऐवजी दोन मध्यम, टाकीच्या दोन टोकांना. एक बिघडला, एक धुवायला काढला, तरी दुसरा चालू. माझा जुना कॅनिस्टर अजून आहे, त्याच्या जोडीला दुसऱ्या टोकाला एक साधा आत बुडणारा फिल्टर. दोघांचीही तोंडं अशी की पाणी पृष्ठभागाला चाटून जाईल, वर सतत सुरकुती दिसेल. आवाज येतो, हलकासा, खळखळ असा. येऊ दे. ज्या शांततेचा मला अभिमान होता ती म्हणजे न हलणारा पृष्ठभाग होता, दुसरं काही नाही. पाणी आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर स्पंजचा तुकडा मात्र लावायचाच, कारण या माशांची मादी अंडी आणि पिल्लं तीनेक आठवडे तोंडात धरते, त्या काळात जवळपास काही खात नाही, आणि एवढ्या उपासानंतर बाहेर सोडलेली पिल्लं फिल्टरने ओढून घेतली तर बघवत नाही. हे मी बघितलंय.

आणि तिसरा, सगळ्यात स्वस्त, दुकानदार ज्याचं नाव शेवटी घेतो तो: एअर पंपावरचा स्पंज फिल्टर. होय, गिरणी. ती माळ्यावरून खाली आली. स्पंज उघड्या पाण्यात असतो, त्यामुळे वीज गेली तरी बंद डब्यासारखा तो लगेच सडत नाही. आणि एअर पंप चालायला जेमतेम चार-पाच वॉट लागतात. वीस तास चालला तरी शंभर वॉट-तास, म्हणजे घरच्या इनव्हर्टरला चिमूटभर. ज्यांच्याकडे इनव्हर्टर नाही त्यांच्यासाठी वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारे बॅटरीचे एअर पंप मिळतात, पॉवर बँकेवर चालणारेही मिळतात. फक्त पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांग, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसव. नाहीतर पंप थांबला की पाणी उलट नळीतून उतरतं आणि जमिनीवर तळं होतं. चार रुपयांचा तो व्हॉल्व्ह, पण लोक विसरतात.

विजेचा खर्च हाही एक मुद्दा, ताई विचारणारच. तीस वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला साधारण एकवीस-बावीस युनिट. आणि पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो ती सगळी शेवटी उष्णता होऊन पाण्यातच जाते. थंड देशात बरं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आपणच बिल भरून पाणी तापवायचं आणि मग ऑक्सिजन कमी पडतो म्हणून अजून मोठा पंप आणायचा, असं ते चक्र आहे.

कॅनिस्टर दोन-चार तासांहून जास्त बंद पडला असेल तर वीज आल्यावर तो तसाच सुरू होऊ देऊ नये. उघडायचा, वास घ्यायचा, टाकीच्या पाण्यात धुवायचा, मग लावायचा. मी घरी नसेन तेव्हा त्याचा प्लग काढून ठेवतो आणि टाकी आतल्या फिल्टरवर आणि स्पंजवर सोडून जातो. खाणं घालून जात नाही. धडधाकट मोठे मासे दोन काय, चार दिवसही उपाशी आरामात राहतात.

त्या चारांतले तीन पुढे बरीच वर्षं जगले. पिवळ्यांपैकी एक अगदी करोनाच्या टाळेबंदीपर्यंत होता. आत्ता टाकीत आहेत त्यातले निम्मे त्यांचे नातू-पणतू. ओव्हरसियरसारखा निळा मात्र पुन्हा झाला नाही, किंवा झालाही असेल, पण खुर्चीतून बघणारा कुणी नाही.

आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची तर अजूनही बहुतेक गुरुवारीच. मागच्या गुरुवारी दहा ते चार नव्हती. मी घरून काम करत होतो. दहाला फ्रीजची घरघर थांबली, आणि त्या शांततेत फक्त एअर पंपाचा आवाज. साडेचार वॉटची गिरणी.

हे अर्धं लिहून झालं तेव्हा भाच्याचा मेसेज आला. सेल संपला, वेव्हमेकर घेतला नाही, दोन फिल्टर बघून ठेवलेत, आणि खाली एक प्रश्न: "मामा, बादली ठेवायला आजोबांचं ते स्टूल अजून आहे का?"

आहे. एक पाय डुगडुगतो, पण आहे. रविवारी घेऊन येतो म्हणून कळवलंय.